हिरव्या पेटीतली चिठ्ठी

‘बंधू प्रभाकर उजागरे यांना दोन्ही कानांनी ऐकू येईनासे झाले आहे, त्याबद्दल त्यांच्या पत्नी अनिताबाई प्रभूची उपकारस्तुती करतात,’ असं तात्याबांनी एका दमात वाचलं आणि शिरूरच्या चर्चमधली आमची आख्खी मंडळी एका सुरात ‘आमेन’ म्हणाली. म्हणून झाल्यावर लोकांना कळलं. आधी बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं, मग पाळकसाहेबांची पिंकी कीबोर्डच्या आड वाकली, आणि मग ते हसू बाकाबाकांवरून मागं सरकत पार दारातल्या चपलांपर्यंत गेलं. तात्याबा आमचे सेक्रेटरी, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांनी तोवर पुढची चिठ्ठी उचललीसुद्धा होती. चिठ्ठीत काय लिहिलंय याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. हिरव्या पेटीतून निघाली की ती उपकारस्तुती, निळ्या पेटीतून निघाली की ती प्रार्थना-विनंती. नातू झाला, बोअरला पाणी लागलं, पोरगी दहावी झाली, त्याबद्दल उपकारस्तुती करतात, आमेन, पुढची. माझी चिठ्ठी निळ्या पेटीसाठी होती. माझ्या नवऱ्याच्या कानांसाठी प्रार्थना करा, एवढंच मागायचं होतं मला, आणि इथं नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून मी देवाचे आभार मानतेय असं चारचौघांत जाहीर झालं. काही बायकांना ते मनापासून पटलंही असेल.

पण खरा घोळ पुढंच झाला. आमच्यात रीत अशी आहे की ज्याची उपकारस्तुती वाचली जाते त्यानं जागेवर उभं राहायचं. प्रभाकर पुढं सतरंजीवर ढोलकी घेऊन बसले होते. त्यांना ऐकू काय येणार, पण सगळी तोंडं आपल्याकडं वळलीत आणि सगळे हसतायत हे दिसलं. म्हणजे आपलंच काहीतरी चांगलं वाचलं. ते उठले, शर्ट नीट केला, दोन्ही हात वर केले आणि एसटी स्टॅंडवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘प्रभूची स्तुती असो.’ चेहरा कसा, तर पेढा खाल्लेल्या पोराचा. हसणं एकदम थांबलं. हसत होते तेव्हा परवडलं होतं असं मला वाटलं.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. चिठ्ठीबद्दल माफी मागितली, तात्याबांच्या वयाचं सांगितलं. मग म्हणाले, की एका अर्थी विषय निघाला ते बरं झालं, कारण नाताळापासून ढोलकी गाण्याच्या पुढं-मागं पळतेय हे सगळ्यांच्याच लक्षात आलंय. कडवं संपतं तरी ढोलकी चालूच, ध्रुवपद पुन्हा धरलं की ढोलकी गप्प. पुढच्या रविवारपासून त्यांना जरा विश्रांती देऊ, पिंकी कीबोर्डवर सांभाळेल. ‘तुम्हीच सांगा त्यांना, ताई. तुमचं ऐकतील,’ असं म्हणाले आणि मग आपणच काय बोललो ते उमजून त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही. चांगल्या माणसावर रागावता येत नाही, हीच तर पंचाईत. सव्वीस वर्षं जी ढोलकी त्या सतरंजीवर वाजली ती बंद करायचा निरोप माझ्या पदरात बांधून ते दुसऱ्या कुणाशी तरी हात मिळवायला गेले. मी बाहेर आले तर हे चिंचेखाली ढोलकीला पिशवी चढवत उभे, आणि पिशवीची नाडी दोनदा बांधून पुन्हा सोडून बांधतायत, बाळाचं टोपडं बांधावं तशी.

आम्हाला लगेच दौंडला निघायचं होतं. माझ्या आईला, अनसाबाईला, ब्याऐंशी वर्षं पुरी झाली म्हणून पाच वाजता घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली होती, आणि तिथं ढोलकी हेच वाजवणार होते. आईच्या घरी ढोलकी प्रभाकरचीच लागते, दुसऱ्या कुणी वाजवलेली तिला चालत नाही. न्हावऱ्याकडून जाणारी एसटी मिळाली. ह्यांनी ढोलकी मांडीवर घेतली, मी खिडकीशी. घोड नदी मागं पडली नाही तोच ह्यांनी विचारलंच, तेही साऱ्या बसला ऐकू जाईल असं, ‘कसली उपकारस्तुती घातली हुतीस गं? सगळी एवढी हसत का हुती?’ पुढच्या सीटवरचा मुंडासंवाला मागं वळून बघायला लागला. आमचं बोलणं आता असंच चालतं, ते तोंडानं बोलतात आणि मी मोबाईलवर लिहून दाखवते. मी लिहिलं, आईच्या वाढदिवसाची. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसले. चोवीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी खोटं बोलले नाही असं नाही, भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं इथपासून बोललेय. पण लिहून कधी खोटं बोलले नव्हते. लिहिलेलं तिथंच राहतं, स्क्रीनवर, काळ्या अक्षरांत, आणि मी ते खोडायचं बटण शोधत बसले.

माझा राग तात्याबांवर होता. न्हावऱ्यापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलले की त्यांना उचकी लागली असेल. दोन पेट्या, दोन रंग, यात चुकण्यासारखं काय आहे? मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर माझ्यासमोरून पार्ट जातात, एक हिरव्या ट्रेमध्ये, एक लाल ट्रेमध्ये, ओके, रिजेक्ट, ओके, ओके, रिजेक्ट, आणि चौदा वर्षांत माझ्या हातून चुकीच्या ट्रेमध्ये पार्ट गेल्याची एकसुद्धा तक्रार नाही. आणि मग, पुलावर बस हळू झाली तेव्हा, मला माझाच हात दिसला. सकाळी मी ती चिठ्ठी मुठीत घेऊन मंडळीच्या दारात, पेट्यांजवळ उभी होते. हे ढोलकी घेऊन मागून आले. ह्यांनी मला शपथ घातली होती, मंडळीत कुणाला सांगायचं न्हाई, लोक कीव करत्यात. त्यांनी बघू नये म्हणून मी हात मागं नेला आणि न बघता, पाठीमागच्या पाठीमागं, हाताला जी फट लागली तीत चिठ्ठी सोडली. तात्याबांची काय चूक? हिरव्या पेटीतून जे निघालं ते त्या बिचाऱ्यांनी वाचलं. टाकणारीच मी होते. खिडकीबाहेर झेंडूची शेतं चालली होती, गणपतीसाठी लावलेली, आणि मला स्वतःची एवढी लाज वाटली की मी पदर ओढून झोपल्याचं सोंग घेतलं.

ह्यांचे कान एका दिवसात गेले नाहीत. तीस वर्षं त्यांनी माझ्याच कंपनीत, प्रेस शॉपमध्ये काढली. कानात घालायचे बोळे कंपनी देते, पण हे बोळे खिशातच ठेवायचे. का, तर बोळे घातले की प्रेसचा ताल कळत नाही म्हणे. त्या धाडधाड मशीनवर मनातल्या मनात गाणी बसवायचे हे. नवरा ढोलकीवाला केला की असलं काही निघतं. ह्यांच्याच लाईनवर कारेगावचा मल्हारी आहे, धनगराचा, आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा त्याचा, ह्यांचा जिवाभावाचा. पहिल्यांदा ओळखलं ते त्यानं. कंपनीच्या बसमध्ये मला म्हणाला, ‘वहिनी, उजागऱ्याला हाका मारून माझा गळा बसला. त्याला न्हाई ऐकू येत.’ मी त्यालाच झापलं. लक्ष नसतं त्यांचं, म्हटलं. मला खरंच तसं वाटायचं. दोनेक वर्षांपासून हे माझ्या प्रत्येक बोलण्यावर हसून मान डोलवायचे, वाद म्हणून घालत नव्हते, आणि मी मैत्रिणींना सांगत होते की आमचा माणूस उतारवयात शहाणा झाला. चौदा वर्षं क्वालिटीला, आणि घरातलं हे माझ्या नजरेतून सुटलं.

नाताळच्या आदल्या दिवशी मी करंज्या तळत होते. कढई कलंडली आणि तेल मनगटावर आलं. हे चार हातांवर पाठ करून बसले होते, ताऱ्याला दिवे लावत. मी ओरडले, नाव घेऊन ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं ते तेव्हा. पाठ हलली नाही. ते दिव्याची वायर सोडवत गुणगुणत होते. मग कशासाठी तरी वळले, आणि माझा हात बघून त्यांचा चेहरा असा झाला की मी माझं दुखणं विसरले. माझा हात पाण्याखाली धरून तेच रडत होते, ऐकू आलं न्हाई गं, लई दिवस झालं न्हाई येत, सांगायला धीर झाला न्हाई. डाग अजून आहे, बांगडीच्या वर, बोराएवढा. पुढं पुण्याला डॉक्टरांना दाखवलं. नसा गेल्यात म्हणाले. मशीन दिलं, ते कानात घातलं की ताटं पडल्यासारखा आवाज येतो म्हणून ते कपाटात आहे. पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी नाताळची उपासना होती, मी पट्टी बांधून उभी राहिले, सगळ्यांनी गायला सुरुवात केली आणि माझं तोंड उघडेना. उघडेना म्हणजे मी उघडलं नाही. खोटं कशाला बोलू? मी आत म्हटलं, ज्या माणसानं जन्मभर तुझ्यासाठी ढोलकी वाजवली त्याचे कान तू घेतलेस ना, मग माझा आवाज तुला मिळणार नाही. आणि तुला काय फरक पडतो, तुझ्याकडं गाणारे कमी आहेत का?

माझा आवाज म्हणजे मंडळीत कडवी उचलणारा आवाज. लग्न होऊन आले तेव्हापासून ध्रुवपद कितीदा घ्यायचं, कुठं थांबायचं, ते माझ्या गळ्यावर ठरायचं. पण शंभर माणसं गात असली की एक गप्प झालेलं कुणाला कळतं? पिंकीचा कीबोर्ड आला होता, स्पीकर आला होता. कुणी विचारलं नाही. मी पुस्तक उघडून धरायची, पान उलटायची, ओठ मिटलेले. आठ महिने मी तशी उभी राहिले, आणि दर रविवारी एक गोष्ट मनात पक्की होत गेली, की वरतीसुद्धा कुणाच्या लक्षात आलेलं नाही. चिठ्ठी लिहिली ती शेवटची म्हणून लिहिली होती. बघू या म्हटलं एकदा मागून. आणि मागितलं तर काय झालं, हसं.

चौफुल्याला बस बदलली. तिथं ह्यांनी मला उसाचा रस पाजला, स्वतः नाही प्यायले, म्हणाले ढोलकीला चिकट हात लागत्यात. पाटसच्या पुढं वाऱ्यावर कुरकुंभच्या कारखान्यांचा तो औषधी वास आला की मला माहेर जवळ आल्याचं कळतं. दौंडची पोर मी, रेल्वेची. आप्पा माझे चावीवाले होते, म्हणजे रोज पहाटे हातोडा खांद्यावर टाकून रुळाच्या कडेनं पाच-सहा मैल चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांतली सुटलेली प्रत्येक चावी ठोकून बसवायची. प्रत्येक ठोक्याला ते म्हणायचे, स्तुती असो. ठण्, स्तुती असो. ठण्, स्तुती असो. एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले होते, सात-आठ वर्षांची असेन. हातोडा सटकून अंगठ्यावर बसला. आप्पा म्हणाले, स्तुती असो. मग अंगठा तोंडात घालून त्यांनी हातोड्याच्या आईबापाचा असा उद्धार केला की मी कानांवर हात ठेवले. घरी आल्यावर आईनं हळद भरताना छेडलं, अंगठा फुटला तरी स्तुतीच का? आप्पा म्हणाले, ‘तोंडाला सवय हाय तिची. तोंड जर मनाची वाट बघत बसलं, तर कवाच उघडायचं न्हाई.’ तेव्हा मला ते हसण्यावारी गेलेलं आठवतं. आता बसमध्ये ते मला बोचलं. आप्पा, तुमचं बरं होतं, तुमचा अंगठा पंधरा दिवसांत भरून आला.

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिला आता उजेड-अंधार तेवढा कळतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा झालं, पण कान असे की गाडीच्या शिट्टीवरून इंजिन कुठल्या शेडचं ते सांगेल. माझी चप्पल वाजली तशी म्हणाली, ‘अने, पाय वढत का चालतीस? काय झालंय?’ काही नाही म्हटलं. ती हं म्हणाली आणि जावईबापूंचा हात धरून तो स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. ही दोघं एकमेकांशी कशी बोलतात देव जाणे. तिला ते दिसत नाहीत, त्यांना ती ऐकू येत नाही, आणि तरी दोघं पोटभर गप्पा मारून उठतात.

सभेला तासभर होता. हे मागच्या ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले. मी पुढ्यात जाऊन बसले आणि मोबाईल काढला. आत्ता नाही सांगितलं तर रविवारी ते पिशवी घेऊन मंडळीच्या दारात उभे राहतील आणि कुणीतरी परकं त्यांना हातानं खुणा करून परत पाठवील. ते मला बघवणार नव्हतं. मी सगळं लिहिलं. चिठ्ठीत काय होतं, ती मी कुठल्या पेटीत टाकली, तात्याबांनी काय वाचलं, लोक का हसले, तुम्ही उभे राहिलात तेव्हा काय झालं, आणि पाळकसाहेबांनी काय सांगितलंय. लिहिता लिहिता बोटं चुकत होती. शेवटी लिहिलं, बसमध्ये खोटं बोलले. मग फोन त्यांच्या हातात दिला आणि ओट्यावरच्या मुंग्यांकडं बघत बसले.

त्यांनी चष्मा लावून, ओठ हलवत, दोनदा वाचलं. मध्येच त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले, ‘म्हंजी मी बहिरा झालो म्हनून मीच हात वर केले?’ मला हसू येईना. मग त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली आणि होईल तेवढ्या हळू आवाजात बोलायला लागले. हळू त्यांना जमत नाही, शेजारच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला होता.

‘ताल गेलाय ते म्हाईत हाय मला. पाळकसाहेबांच्या कपाळावर दर रविवारी वाचतोय,’ ते म्हणाले. ‘पन कानामुळं न्हाई गेला. कान तर कवाच गेलेत. चार वर्षं झाली. त्याच्यावर तीन-साडेतीन वर्षं मी वाजवली का न्हाई बिनचूक? कुनाला कळलं?’

मी मान हलवली. नाही कळलं.

‘तुझ्या तोंडाकडं बघून वाजवायचो. तू तिसऱ्या बाकावर, मला समोर दिसायचीस. कडवं कुठं आलं, ध्रुवपद दोनदा घेतलं का तीनदा, सगळं तुझ्या ओठावर दिसायचं. नाताळापासून तू तोंड मिटलंस.’ त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘तवापासनं मी एकटाच वाजवतोय.’

भांडी घासणारीनं नळ सोडला. मी फोन घेतला आणि लिहिलं, मग सांगितलं का नाही? आठ महिने?

ते वाचून त्यांनी फोन उपडा ठेवला. ‘कसं सांगू? माझ्या ढोलकीसाठी तू गा, असं म्हनू? ते गानं माझं हाय का? देवावर रुसलीस ते दिसत हुतं मला. माझ्यापायी रुसलीस तेबी कळत हुतं. म्हटलं, तिचं न् त्याचं हाय, आपुन मधी पडू ने. ढोलकी चुकली तर चुकली.’

आठ महिने मला वाटत होतं की माझं गप्प बसणं कुणालाही ऐकू गेलेलं नाही. आणि ज्याला ऐकूच येत नाही त्यानं ते पहिल्या दिवशी बघितलं होतं, दर रविवारी बघत होता, आणि त्याचा ताल सुटत चालला होता तरी त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नव्हता. देवाचे कान धरायला निघाले होते मी, आणि ह्यांची ढोलकी मीच बंद पाडली होती. मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं, आणि आईनं आतून विचारलं, ‘कोन रडतंय?’ कुणी नाही म्हटलं. ‘मग नाक कोन वढतंय?’ असं ती म्हणाली, पण उठून आली नाही.

पाचला माणसं जमली. कॉलनीतली जुनी, निवृत्त झालेली, गुडघे धरून बसणारी, आणि शेजारच्या मालनबाई, त्या खंडोबाच्या, पण आईची सभा कधी चुकवत नाहीत. मला मल्हारीचं एक बोलणं आठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी ह्यांच्या कानांचं सांगितल्यावर मी त्याला म्हणाले होते, आता ऐकूच येत नाही तर ह्यांच्या वाजवण्याला काय अर्थ. तो म्हणाला, ‘वहिनी, जेजुरीला सोमवतीला या एकदा. एवढा कल्ला असतोय, कुनाला कुनाचं ऐकू येतंय तिथं? तरी परत्येक जन वरडतोय. जो तो आपला देवाला सांगतोय.’ तेव्हा मला त्याचाही राग आला होता. त्या वर्षात माझा राग सगळ्यांना पुरून उरला.

आईनं आप्पांचं गाणं मागितलं. ते कुठल्या पुस्तकात नाही, रुळावर चालता चालता आप्पांनी जुळवलेलं, आमच्या घरापुरतं. हे आईच्या पायाशी बसले, ढोलकी मांडीवर, आणि मी त्यांच्या समोर, आईच्या खुर्चीला टेकून. त्यांनी दोन आवर्तनं वाजवली आणि थांबले नाहीत, पण हात हलका केला. वर बघितलं. माझ्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं ढोलकीची सुरुवात आहे. मला माहीत होतं ते काय आहे.

मी ओठ हलवले. नुसते ओठ, आवाज न काढता. ह्यांना तेवढंच तर हवं होतं, आणि मला एवढंच देता येत होतं. शब्द आप्पांचे, आकार माझ्या ओठांचा, आत काहीही नाही, कोरडं. ढोलकी लगेच लागली. अशी लागली की माझ्या पाठीतून सर्रकन काहीतरी गेलं, आठ महिन्यांत ती अशी वाजलीच नव्हती. बाकीचे गात होते, मी फसवत होते, सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात आईचा हात माझ्या खांद्यावर आला, तिथून मानेवर, मानेवरून गळ्यावर. बोटं थांबली.

‘अने, तुझा आवाज न्हाई येत,’ ती म्हणाली.

एकाला माझे ओठ हवे होते, एकीला माझा आवाज. दोघांच्या मध्ये मी बसले होते आणि आता लपायला जागा राहिली नव्हती. दुसरं कडवं आलं.

रुळावरचं दंव तुझं, हातोड्याचा नाद तुझा,
दिवस उजाडला बापा, पहिला शब्द तुझा.

आवाज निघाला तो फाटका निघाला. गंजलेलं दार उघडतं तसा, मालनबाईंनी चमकून बघितलं. ‘उजाडला’वर तर तो पार बसला आणि मला खोकला आला. मी पुन्हा धरलं. आईची बोटं माझ्या गळ्यावर, ह्यांची नजर माझ्या ओठांवर, आणि मी गात होते ते पहिल्यांदा ह्यांच्यासाठी, मग आईसाठी. कितव्यांदा ध्रुवपद घेतलं मला माहीत नाही, मोजत नव्हते, मला थांबावंसं वाटेना. कुठंतरी मध्ये मी देवाशी बोलायला लागले होते. अजून रागात होते मी. रागातच गात होते. कान परत दे, असंही म्हटलं असेन. पण त्याच्याकडं तोंड करून म्हटलं, आठ महिन्यांनी. छाती भरून आली आणि श्वास खोल गेला, आणि मला एवढं हलकं वाटलं, एवढं बरं वाटलं, की हे सगळं मी कुणाला शिक्षा म्हणून बंद ठेवलं होतं तेच मला आठवेना. मी थांबले तशी ढोलकी थांबली, त्याच ठोक्याला, केसाचंही अंतर नाही.

घरच्या सभेत चिठ्ठ्या नसतात. ज्याला जे वाटतं ते तो तोंडानं सांगतो. आईनं ब्याऐंशी वर्षांबद्दल सांगितलं, कुणी गुडघ्याबद्दल, कुणी मुलाच्या बदलीबद्दल. मालनबाई म्हणाल्या, मला तुमच्यातलं बोलता येत न्हाई, पन अनसाबाई हाय तवर मला शेजार हाय. आमेन म्हटलं सगळ्यांनी. मग माझी पाळी आली. मी उभी राहिले. काही ठरवलं नव्हतं. तोंडात सकाळचं तेच वाक्य आलं, तात्याबांच्या चालीवर, आणि मी ते येऊ दिलं.

‘बंधू प्रभाकर उजागरे यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही,’ मी म्हणाले. आईची मान माझ्याकडं वळली. ‘पण त्यांना दिसतं. कुणाला दिसलं नाही ते त्यांना दिसलं. त्याबद्दल त्यांची बायको उपकारस्तुती करते.’

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. ह्यांनी माझे ओठ वाचले होते, सगळे, शेवटच्या शब्दापर्यंत. तरी रीत ती रीत. ते उठले, ढोलकी सतरंजीवर ठेवली, शर्ट नीट केला, दोन्ही हात वर केले आणि खिडकीचं तावदान हलेल अशा आवाजात म्हणाले, ‘प्रभूची स्तुती असो.’

‘जावईबापू, हळू,’ आई म्हणाली. ‘मी आंधळी हाय, बहिरी न्हाई.’

ह्यांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडं बघत होते, मी काय म्हणते ते दिसावं म्हणून. मी तोंड चांगलं उघडून, प्रत्येक अक्षर दिसेल असं, आमेन म्हणाले. मग फोन काढून लिहिलं, पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसणार आहे, पाळकसाहेबांशी मी बोलते, पिशवी धुऊन ठेवा.